मुक्काम हाही प्रवासच

मालमोटारीच्या प्रकृतीची आपल्याकडे फार काळजी घेतली जाते. गाडी नवी असेल तर पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी तिला परिवहन खात्यापुढे उभे राहून सुदृढतेचा दाखला घ्यावा लागतो. तिचे ब्रेक पाहतात, दिवे पाहतात, धूर मोजतात. ती गाडी हाकणाऱ्या माणसाला मात्र परवान्याच्या नूतनीकरणापुरता, म्हणजे पाच वर्षांतून एकदा, डॉक्टरचा दाखला पुरतो. पाच वर्षांत माणसाला मधुमेह जडू शकतो, डोळे अधू होऊ शकतात, पाठ कायमची धरू शकते. लोखंडाला वर्षाची मुदत आणि हाडामांसाला पाच वर्षांची, असा हा हिशेब आहे. तो कोणाला खटकत नाही, कारण गाडी ही मिळकत असते आणि ड्रायव्हर हा खर्चाच्या बाजूला मांडला जातो.

हा विचार माझ्या मनात पक्का झाला तो तुकईथड येथे. आपल्या इंदुराहून नर्मदा ओलांडून, सनावद मागे टाकून, आशीरगडाच्या पायथ्याने बुऱ्हाणपुरास जाणारा रस्ता पुष्कळांच्या परिचयाचा आहे. तेथून पूर्वेकडे वळले की खकनार तालुक्याचा मुलूख लागतो. कोरकू वस्तीची ही गावे, पलीकडे मेळघाटचे डोंगर आणि देडतलाई ओलांडून थोडे गेले की महाराष्ट्राची धारणी. नाव ऐकले की मराठी माणूस थबकतोच. तुकाई ही आपली देवी, आणि थड म्हणजे नदीचा काठ. जेथे पोहोचले म्हणजे सुटलो असे वाटते, ती जागा. परतवाड्याकडून सेमाडोह, हरिसाल, धारणी करीत घाट उतरून आलेल्या ड्रायव्हरला या पट्ट्यात पोहोचल्यावर तसेच वाटत असावे. मी तेथे दोन दिवस होतो आणि त्यातला बराचसा वेळ चहाच्या टपरीपुढील बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हर मंडळींशी बोलण्यात गेला.

त्यांच्यात एक पन्नाशीचे वऱ्हाडी गृहस्थ होते. संत्र्यांच्या दिवसांत परतवाड्याहून इंदूर, एरवी बुऱ्हाणपूरची केळी घेऊन दिल्ली, असा त्यांचा फेरा. उजवा हात डाव्या हातापेक्षा दोन छटा काळा. तीस वर्षे खिडकीचे ऊन त्याच हाताने सोसलेले. ‘काका, प्रकृती कशी ठेवता?’ असे मी विचारले, तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘भाऊ, गाडी तापली त समोर काटा चढते. माणसाले असा काटा कुठी बसवला हाय देवानं?’

त्यांच्या या एका वाक्यात सारा विषय आला. टायर तापला तर गाडी थांबते. इंजिन तापले तर थांबते. माणूस तापला, थकला, पेंगू लागला तर गाडी थांबत नाही, कारण ते दाखवणारा काटा नाही आणि दाखवला तरी तो पाहायला कोणी तयार नाही.

याच तुकईथडहून पूर्वी खंडवा ते अकोला मीटरगेजची गाडी जात असे. रुंद रुळांच्या कामासाठी ती २०१७ साली थांबली. त्या गाडीचा ड्रायव्हरही डोंगरातूनच गाडी नेत असे. पण त्याच्या नोकरीत कामाचे तास लिहून ठेवण्याची रीत होती, परगावी उतरल्यावर झोपण्यासाठी रनिंग रूम होती, ठरल्या मुदतीने वैद्यकीय तपासणी होती. रेल्वेतही जादा तासांची तक्रार आहे, हे मला ठाऊक आहे. पण तेथे निदान तक्रार करायला एक नियम आहे. रुळांवरच्या माणसाची झोप ही सरकारी बाब ठरली आणि शेजारच्या डांबरावर चालणाऱ्या माणसाची झोप ही त्याची खासगी हौस ठरली. ओझे दोघेही वाहतात, जीवही दोघांच्या हाती सारखेच असतात.

आता केळ्यांचे गणित पाहा. बुऱ्हाणपूर जिल्हा केळ्यांसाठी प्रसिद्ध. घड हिरवा असतानाच कापतात. पण कापलेले फळ मेलेले नसते, ते श्वास घेत असते आणि गाडीत स्वतःचीच ऊब साठवीत असते. म्हणून व्यापाऱ्याला घाई. बुऱ्हाणपूर ते दिल्ली अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. घाट, गावे, टोलनाके धरून भरलेल्या गाडीची सरासरी ताशी पंचेचाळीस किलोमीटर मानली तर निव्वळ चालवण्याचे बावीस तास होतात. दिवसाला आठ तास हात स्टेअरिंगवर ठेवायचे म्हटले तर तीन दिवस हवेत. माल मात्र परवा पहाटे आझादपूरच्या मंडईत हवा असतो. दोन ड्रायव्हर असले तर हे जमते. एकच असला तर उरलेले तास त्याच्या झोपेतून कापून घेतले जातात. त्यातही गंमत अशी की मागे गाडीभर फळ असून ते कच्चे असल्याने उपाशी ड्रायव्हरला एक केळे खाता येत नाही!

सेव्हलाईफ फाउंडेशन या संस्थेने २०२० साली देशातील दहा वाहतूक केंद्रांवर बाराशेहून अधिक ट्रकचालकांशी बोलून अहवाल काढला. त्यात चालवण्याचे तास दिवसाला सरासरी बारा निघाले आणि निम्म्या चालकांनी सांगितले की थकवा वा झोप आली तरी आम्ही गाडी हाकतो. तुकईथडच्या बाकावर मला यापेक्षा वेगळे काही ऐकू आले नाही.

झोपेविषयी आपल्या समाजात एक खोटी मर्दुमकी आहे. ‘दोन रात्री डोळ्याला डोळा नाही लावला’ हे वाक्य अभिमानाने सांगितले जाते. १९९७ साली डॉसन आणि रीड या दोघांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सतरा तास सलग जागलेल्या माणसाचे हात व लक्ष, रक्तात शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके मंदावते, असे त्यांना आढळले. आपल्या कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून रात्री दहा वाजता घाट चढणारा निर्व्यसनी, माळकरी ड्रायव्हरही कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या दारुड्याच्या बरोबरीने झिंगलेला असतो. फरक इतकाच की पोलिसाच्या नळीत फुंकून झोप मोजता येत नाही.

डोळा लागतो तोही माणसाला कळत नाही. डोळे उघडे आणि मेंदू चार सेकंद गेलेला, असे घडते. ताशी साठ किलोमीटरने चार सेकंदांत गाडी सहासष्ट मीटर पुढे जाते. हा धोका पहाटे दोन ते पाच या वेळात सर्वांत अधिक आणि दुपारी दोन ते चार या वेळात त्याच्या खालोखाल. शरीराचे घड्याळच तसे आहे. त्याला भाडे, व्यापारी, मंडई यांची भीड नाही. यावर चहा, तंबाखू, खिडकीचा वारा, मोठ्याने लावलेली गाणी हे उपाय नव्हेत. ती स्वतःची फसवणूक. झोप उडवायची गोळी आणि अंगदुखी विसरायचा डोडा हे तर उधारीचे व्यवहार. आज मिळालेले तास उद्या व्याजासकट फेडावे लागतात, आणि ती फेड पुष्कळदा समोरून येणाऱ्या दुचाकीवरचे कुटुंब करते.

खरा उपाय एकच, गाडी बाजूला घेऊन झोपणे. वऱ्हाडी काकांनी यात एक युक्ती बसवली होती. आधी चहा घ्यायचा आणि लगेच वीस मिनिटे आडवे व्हायचे. चहाचा अंमल चढायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा झोप आणि चहा दोन्ही कामाला लागलेले असतात. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. पण आजचे निद्रातज्ज्ञही हेच सांगतात. उठल्याबरोबर मात्र चाकाला हात लावायचा नाही, दहा मिनिटे फिरायचे. ज्याची मान जाड, जो झोपेत मोठ्याने घोरतो, मधेच श्वास अडकून दचकतो आणि रात्रभर झोपूनही दिवसा पेंगतो, त्याने मात्र युक्तीवर भागवू नये. तो झोपेत श्वास अडण्याचा रोग असू शकतो आणि त्याला औषधोपचार आहेत.

शरीराच्या बाकीच्या तक्रारीही न थांबण्यातूनच उगवतात. ड्रायव्हर पाणी कमी पितो, कारण लघवीला थांबायला जागा नाही, वेळ नाही. निमाडच्या उन्हाळ्यात इंजिनाची धग पायांपाशी घेऊन बारा तास पाण्याविना बसले की मूतखड्याला आवतण दिल्यासारखेच. तो जेवतो एकदाच, रात्री, भरपेट. आणि ताट सारून लगेच गाडीवर चढतो. मग पोट सुटते, साखर वाढते, मूळव्याध होते. पाठीचे तर विचारूच नये. तासन्‌तास बसून आणि गचके खाऊन कण्यातील चकत्या हैराण झालेल्या असतात. अशा वेळी उतरल्या उतरल्या ताडपत्रीचा ओला गठ्ठा उचलला की कंबरेत चमक भरते. गाडीवरून उतरल्यावर दहापंधरा मिनिटे चालल्याशिवाय ओझ्याला हात लावू नये, हा साधा नियम पाठीच्या पट्ट्याहून गुणकारी आहे.

त्या बाकावर बसून मी पाहिले की जुने ड्रायव्हर उतरले की हाती पहार घेऊन सगळी चाके ठोकीत गाडीभोवती फिरतात. आवाजावरून हवा ओळखतात. मला ती गाडीची तपासणी वाटली. काका म्हणाले, ‘गाडीची एक चक्कर, माही दोन.’ तीन फेऱ्या झाल्या की पोटऱ्यांतले रक्त हलते, पाठ सरळ होते, डोळे लांबवर पाहतात. शंभर किलोमीटरला अशा तीन फेऱ्या, दर फेरीला चार घोट पाणी, पेलाभर ताक मिळाले तर ताक, रात्री पोळी आणि वरण अर्ध्या पोटाला आणि चाळिशी उलटली की वर्षाला एकदा साखर, रक्तदाब, डोळे. एवढ्यावर त्यांचे प्रकृतिशास्त्र संपत होते. यात महाग काही नाही. महाग आहे ते थांबणे.

मनाची गोष्ट याहून अवघड. पूर्वी गाडीवर दोघे असत, उस्ताद आणि क्लीनर. क्लीनर शिव्या खाई, चहा आणी, चढावर चाकाला दगड लावी, रात्री बोलत बसे आणि बोलता बोलता उस्तादाचा डोळा लागू देत नसे. तोच पुढे ड्रायव्हर होई. भाड्यातून काही उरेना, तसा पुष्कळ मालकांनी क्लीनर काढला. पगार वाचला, पण त्याबरोबर ड्रायव्हरचा सोबती, पहारेकरी आणि शागीर्द, तिघेही गेले. आज मेळघाटातून रात्री एकटा माणूस येतो. कितीतरी टप्प्यांत फोन लागत नाही. लागतो तेव्हा घरून कळते की मुलीला ताप आहे आणि पाठोपाठ हुंडेकऱ्याचा फोन येतो की गाडी कुठवर आली.

त्यात धास्ती. अपघात कोणाच्याही चुकीने होवो, मोठ्या गाडीचा ड्रायव्हर आधी दोषी. थांबून जखमीला उचलावे तर जमाव मारील, पळावे तर गुन्हा वाढेल. जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी चाके थांबवली ती याच धास्तीपोटी. भारतीय न्याय संहितेत अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम मागे ठेवण्यात आले. पळून जाण्याचे समर्थन कोणी करू नये. पण गावोगावी ज्याच्याकडे संशयाने पाहतात, ज्याच्या मुलाला सोयरीक जमताना बापाचा धंदा आडवा येतो, त्या माणसाच्या मनावर वर्षानुवर्षे काय साचत असेल, याचा विचार कायदा करणाऱ्यांइतकाच आपणही करायला हवा. नव्वदीच्या दशकात एड्सची साथ आली तेव्हा ट्रकचालकाच्या आरोग्याकडे सर्वांचे लक्ष गेले. पण ते त्याच्यापासून इतरांना वाचवण्यासाठी. त्याच्या पाठीसाठी, झोपेसाठी, एकटेपणासाठी कोणी धावले नाही.

एक सोय अलीकडे झाली आहे, ती सांगून ठेवतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ नावाची दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की रात्री-अपरात्रीही मनाच्या तक्रारीविषयी समुपदेशकाशी फुकट बोलता येते, मराठीत आणि हिंदीतही. झोप उडाली, जीव घाबरतो, जगणे नकोसे वाटते, असे कोणाला झाले तर त्यात लाजण्याजोगे काही नाही. हा क्रमांक हुंडेकऱ्यांनी बिल्टीवर छापला तर कागद जड होणार नाही.

कायदा नव्हता असे नाही. १९६१ साली संसदेने मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, लांब पल्ल्याला परवानगीने दिवसाला दहा, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, आठवड्याला सुटी. तो कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. आता तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. पण एकदोन गाड्यांच्या मालकाकडे हजेरीपट कोठला? आणि जेथे मालक स्वतःच ड्रायव्हर असतो व कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो, तेथे कोणी कोणाला सुटी द्यायची? युरोपात साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबावेच लागते आणि गाडीतले यंत्र ते टिपून ठेवते. आपल्याकडे असे यंत्र सक्तीचे नाही. २०२५ पासून नव्याने बनणाऱ्या मोठ्या मालमोटारींत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट. पण थंड हवेत झोप अधिक येते, हेही लक्षात ठेवावे!

आश्चर्य असे की हा मुलूख मुक्कामाचे शास्त्र कधीकाळी पुरते जाणत होता. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा मोगली रस्ता बुऱ्हाणपुरावरून जाई. दहा-बारा हजार बैलांचे तांडे ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहेत. ते तांडे बैल थकण्याआधी थांबत. चारा आणि पाणी पाहून पडाव ठरे, मालाची निकड पाहून नव्हे. बुऱ्हाणपुरात खानखानानाच्या काळी सराई उठल्या आणि १६१५ च्या सुमारास जमिनीखालून पाणी आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला. आणि आपण इंदूरकरांनी तर हे सांगायलाच नको. १७६७ पासून १७९५ पर्यंत होळकरांचे राज्य चालवताना अहिल्याबाईंनी देशभर धर्मशाळा, विहिरी, घाट बांधले. वाटसरूला थांबवणे हे त्यांनी पुण्य मानले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांना रस्त्याइतकाच मुक्काम महत्त्वाचा वाटला.

आजच्या महामार्गावर तेल कंपन्यांच्या पंपांवर ‘अपना घर’ नावाच्या विश्रांतीच्या जागा निघाल्या आहेत. २०२५ च्या मध्यापर्यंत साडेतीनशेहून अधिक ठिकाणी मिळून साडेचार हजारांवर खाटा झाल्या. झोपायला खोली, आंघोळ, शौचालय, प्यायचे पाणी, स्वतः रांधायची सोय. आरंभ उत्तम आहे. पण देशात रोज लाखो मालमोटारी धावतात, आणि तुकईथडसारख्या आडवाटेच्या पट्ट्यात ड्रायव्हरची खाट अजूनही केबिनमागची फळीच असते. बहुतेक पुरुष फळीवर निभावून नेतात; या धंद्यात येऊ पाहणाऱ्या स्त्रीने कोठे थांबावे, याचे उत्तर तर आपण शोधायलाही घेतलेले नाही.

मी त्या काकांना शेवटी विचारले, एकच गोष्ट मागायची असेल तर काय मागाल? पगार म्हणतील असे वाटले होते. ते म्हणाले, ‘थांबलो त कोणी फोन करू नये. चार घंटे.’

या शब्दांतली मागणी सरकारपाशी कमी आणि आपल्यापाशी अधिक आहे. वाचकांत मंडईतले व्यापारी असतील, कापडवाले असतील, हुंडेकरी असतील. माल निघाल्यावर अर्धा दिवस जादा धरून वायदा करणे त्यांच्या हातात आहे. हजार किलोमीटरच्या फेरीला दोन ड्रायव्हर देणे, माल उतरवायला ताटकळलेल्या माणसाला दुकानामागे सावली, पाणी आणि एक चटई देणे, हेही हातात आहे. बाकीच्या आपणा सर्वांनाही पहाटेच ताजी भाजी हवी, संत्री डाग न पडलेली हवीत. त्या हट्टाची किंमत रात्री कोणाचे तरी डोळे भरतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. पैलथड गाठायची तर मधे काठाला टेकावे लागते. जो टेकू देत नाही, त्याने माल वेळेवर आला नाही म्हणून ओरडू नये.